पांढरीच्या राजाचे तीर्थ

वाचकहो, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, ढाणकीच्या बाजारापासून दोन कोसांवर जांबगव्हाण नावाचे गाव आहे. त्या गावातील एका खाऊनपिऊन सुखी असलेल्या कुटुंबावर गेल्या साली जो प्रसंग गुदरला, तो आरंभापासून अखेरपर्यंत, काही न वाढविता व काही न लपविता, मी येथे निवेदन करणार आहे. या हकीकतीत एक राजा आहे, परंतु त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्याला मरून दोन हजार वर्षे लोटली असावीत. तरीही त्याची आण एका घरात सहा महिने चालली, आणि ती चालविणारी बाई मनाने निर्मळ होती. म्हणूनच हे लिहिताना माझा हात जड होतो.

त्या बाईचे नाव विजयमाला. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, पहाटे उठून रात्री पाठ टेकेपर्यंत न बसणारी. तिचे यजमान भगवानराव यांची अकरा एकर काळी जमीन. तीत पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर. एकुलता मुलगा रजत वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी येई. त्याची बायको दिपाली पुसदकडची, बारावी शिकलेली, कमी बोलणारी. लग्नाला पाच वर्षे झाली होती. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सर्व वाहून गेले. घरात तिला कोणी टोचून बोलत नसे, परंतु शेजारची सत्यशीला आडावर सर्वांदेखत म्हणे, "पेरनं बरोबर हाय, पन जमीनच धरत नाही, त्याले कोन काय करीन?" दिपाली हंडा उचलून चालू लागे. विजयमालेला ते शब्द सुनेपेक्षा अधिक लागत.

गावाच्या पश्चिमेस पांढरीचे टेकाड आहे. फार पूर्वी तेथे वस्ती होती असे म्हणतात. कोणती व केव्हाची, ते कोणी सांगू शकत नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती आणि माणसांचे खरकटे मिळून झालेली ती माती पिठासारखी मऊ असते. काळ्या रानात ती पसरली की पऱ्हाटी कमरेला लागते. म्हणून दर उन्हाळ्यात गावकरी तेथून बैलबंड्या भरभरून माती नेतात. मेलेल्या गावाने जित्या गावाला पोसावे, अशी ती रीत आहे. टेकाडाचा अर्धा उतार भगवानरावांच्या सातबाऱ्यात येतो.

वैशाखातील एका दुपारी तिघेही माती भरीत होती. भगवानराव टिकासीने खणत, विजयमाला फावड्याने टोपले भरी, आणि दिपाली ते बंडीत रिकामे करी. ऊन असे होते की फावड्याच्या पात्याला हात लावता येत नव्हता. वारा पडलेला. बैल बाभळीची सावली सोडून उन्हात जाऊन उभे राहिले होते. हे विजयमालेने पाहिले आणि ती पुन्हा टोपले भरू लागली.

टिकास एकाएकी आत गेली आणि गाडगे फुटल्याचा आवाज झाला.

भगवानराव गुडघ्यावर बसले. हातांनी माती उकरली. "अवो, इकडं ये," ते हळूच म्हणाले.

फुटलेल्या गाडग्यात काळ्या चकत्यांचा एक गठ्ठा होता, एकमेकींना चिकटलेल्या. विजयमालेने तो ओंजळीत घेतला. तो ओंजळीत मावला. परंतु ओंजळ आपोआप खाली गेली. एवढ्याशा वस्तूला इतके वजन असावे, हे तिच्या हातांना पटेना.

"धन हाय का वो?" तिने विचारले.

"हळू बोल. बांधा-धुऱ्याले कान असतात."

दिपालीने पदराच्या टोकाला थुंकी लावून एक चकती पुसली. तिच्यावर हत्ती होता. सोंड वर केलेला, पाय रोवून उभा. भोवती किडामुंगीसारखी अक्षरे.

"आपल्याकडंच पाहून राह्यला," दिपाली म्हणाली, आणि तिने ती चकती पुन्हा सासूच्या ओंजळीत टाकली.

भगवानरावांचा पुतण्या सलील पुसदला शाळेत इतिहास शिकवितो. रात्रीचे जेवण होण्यापूर्वीच त्याला फोनवर फोटो गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. तिघेही चुलीपाशी बसून ऐकू लागली.

"काका, ही नाणी फार जुनी आहेत. सातवाहनांच्या काळातली असावीत. दोन हजार वर्षं धरून चाला. काठावर अक्षरं आहेत. 'राजाचे' एवढं लागतं."

"कोन्त्या राजाचे?"

"त्याच्यापुढं नाव होतं. ते झिजलं."

"मंग राजा राह्यला अन् नाव गेलं?" भगवानराव हसले.

"तसंच. काका, पण घरी ठेवू नका. जमिनीत सापडलेलं धन तहसीलला कळवावं लागतं. उद्याच जा."

भगवानरावांनी होय म्हटले आणि फोन बंद केला. मग बराच वेळ ते विस्तव चाळवीत राहिले. "एकदा कळवलं का मोजणी येईन," ते म्हणाले, "टेकाडाले तारेचं कुंपण पडन, अन् खालचे दोन एकरही त्याच्यात जातीन. आपल्या बापजाद्यांच्या रानात आपल्याले पाय ठेवू देनार नाही कोनी." दुसऱ्या दिवशी ते तहसीलला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सलीलला सांगितले, पोरांनी नेऊन नदीत फेकली.

नाणी देवघरात ठेवायची ठरली. परंतु देवापुढे काळे-मळकट काही ठेवू नये, म्हणून विजयमालेने तांब्यापितळेची भांडी उजळण्याची जी रीत आईकडून शिकलेली होती, तीच केली. चिनी मातीच्या बरणीत चार दिवसांचे आंबट ताक ओतले, त्यात नाणी सोडली आणि वर फडके बांधले.

सकाळी तिने नाणी काढून धुतली. ती तांब्यासारखी लाल झाली नाहीत की चांदीसारखी पांढरी. ढगासारखी करडी झाली. मात्र प्रत्येक नाण्यावरचा हत्ती स्पष्ट दिसू लागला. बोटाला ताक लागले होते. बायका भाजीची चव पाहतात त्या सवयीने तिने ते बोट जिभेला लावले आणि तशीच उभी राहिली.

"अवो, आयकता का! इकडं या बरं."

"काय झालं?"

"हे चाखा."

भगवानरावांनी चाखले. "साखर टाकली का?"

"देवाच्यान नाही. चार दिवसांचं आंबट ढाण ताक हाय. दिपालीनंच तं घुसळलं होतं."

दिपालीनेही चाखले. ताक गोड होते. उसाच्या रसासारखे नव्हे, मधासारखेही नव्हे. जिभेच्या मागे, घशाच्या तोंडाशी जाऊन थांबणारा, थंड असा तो गोडवा होता. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. माळवदावर एक कावळा बसला होता, तोही ओरडेना.

"राजा हाय तो," अखेर भगवानराव म्हणाले. "त्याच्या घरी आंबट कसं राहीन?"

त्या दिवसापासून घराला नवा नेम लागला. रात्री बरणीत ताक, ताकात नाणी. सकाळी नाण्यांची पूजा आणि बरणीतले तीर्थ. विजयमाला स्वतः एक चमचा घेई, यजमानांना एक देई, आणि दिपालीला मात्र अर्धी वाटी. "तुले जास्त पाह्यजे," ती म्हणे, "तुह्या अंगात त्याचं बळ जाऊ दे." दिपालीला ते आवडू लागले. सकाळी सासूने हाक मारण्यापूर्वीच ती देवघरापाशी येऊन बसे.

ज्येष्ठ सरला, पेरण्या झाल्या, आणि आषाढाच्या मध्यास दिपालीला दिवस गेल्याचे कळले. विजयमालेने त्या दिवशी हत्तीला हळदीकुंकू वाहिले. तिसरा महिना आला. घरात कोणी मोठ्याने बोलेना, दार कोणी आपटेना. तिसरा महिना गेला. काही झाले नाही. मूल पोटात टिकले.

आता वाचकांनी विजयमालेच्या जागी स्वतःस उभे करून पाहावे. दोनदा रिती झालेली कूस राजाच्या तीर्थाने भरली, असे जिला डोळ्यांनी दिसले, तिने काय मानावे?

गोष्ट तोंडातून तोंडात जातेच. एके सकाळी सत्यशीला वाटी घेऊन अंगणात उभी राहिली. तिचा आवाज मऊ झाला होता. "वहिनी, माह्या गुडघ्याले बी जरासं द्या ना."

"काहून, जमीन धरत नाही का तुही?" विजयमाला म्हणाली, पण तिने दिले. तिला देण्यात सुख वाटे.

पोळ्यापर्यंत रोज सकाळी अंगणात वीस-पंचवीस माणसे येऊ लागली. कोणी गडवा आणी, कोणी औषधाची रिकामी बाटली. एकामागे एक उभे राहावे, पुढे येऊन वाकावे, घ्यावे आणि बाजूस व्हावे. येताना कोणी पायलीभर तूर, कोणी दोन पपया, कोणी ताकासाठी दूध आणून ओट्यावर ठेवीत. कोणी मागितले नव्हते. तरी रिकाम्या हाताने येण्याची लोकांस भीती वाटू लागली. त्या रांगेत प्रस्तुत लेखकही दोनदा उभा होता.

भाद्रपदात दिपालीच्या पोटात कळा येऊ लागल्या. त्या गरोदरपणाच्या नव्हत्या. बेंबीभोवती कोणी दोरी पिळावी तशा येत आणि जात. तिचा रंग उतरला. गोरी होती ती पांढरी झाली, आणि पांढरी होती ती करडी दिसू लागली. आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहून म्हणाल्या, "रक्त कमी हाय. गोळ्या घे, पालक खा."

"तोंडात कायम पैसा ठेवल्यावानी लागते," दिपाली म्हणाली.

"सगळ्यांले होते तसं," आशाताई म्हणाल्या.

एकदा आडावरून येताना मातीचा भरला हंडा तिच्या हातून सुटला आणि दारातच फुटला. विजयमाला रागावली. "हातात जीव नाही का वो तुह्या? तीस वर्सं मी हंडे आनले, एक नाही फोडला." दिपालीने खापऱ्या वेचल्या. त्याही हातातून निसटत होत्या. रात्री विजयमालेला आपल्या बोलण्याचा पस्तावा झाला, आणि पस्तावलेली बाई जे करते तेच तिने केले. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या वाटीची एक वाटी झाली. आश्विनात कळा वाढल्या, तेव्हा एकीच्या दोन झाल्या.

कार्तिकात कापूस फुटला. मजूर मिळेनात, म्हणून पाचवा महिना चालू असताना दिपालीही वेचणीला येऊ लागली. दोघी सासूसुना पोटाला ओटी बांधून शेजारशेजारच्या तासांत, म्हणजे पिकाच्या ओळींत, वेचीत. दुपार भरात आली होती. बोंडांतून कापूस उपसल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मग दिपालीच्या तासातून तो येईनासा झाला.

विजयमालेने मान वर केली. सून टेकाडाकडे पाहत उभी होती.

"आत्याबाई, ते लोक कोन हायत वो?"

"कोन्ते लोक?"

"टेकाडावरचे. डोक्यावर टोपले घेऊन उभे हायत ना. केवढी लांब रांग हाय."

"माती नेनारे असतीन."

"माती नाही. दाने हायत. एकेक जन पुढं जाते, ओतते अन् वाकते." ती डोळे बारीक करून पाहत होती. तिच्या आवाजात भीती नव्हती, केवळ नवल होते. "ज्याच्यापुढं ओतून राह्यले, तो मात्र दिसत नाही."

विजयमालेने पाहिले. टेकाड रिकामे होते. दोन शेळ्या चरत होत्या. तिला काहीही दिसले नाही. तथापि त्या दिशेला पाठ करून पुन्हा वेचू लागण्याचे तिला धैर्य होईना.

"ऊन लागलं तुले. चल, बाभळीखाली बस."

दिपालीने ओटी सोडण्यासाठी हात गाठीकडे नेला. हात गेला, पंजा गेला नाही. मनगटापासून तो खाली लोंबत राहिला, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या फडक्यासारखा. तिने दात खाऊन तो उचलण्याचा प्रयत्न केला. बोटे जराशी हलली आणि पुन्हा लोंबली. "हे काहून असं करून राह्यलं?" ती हळूच म्हणाली, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे रांग लागली. दिपाली आत बाजेवर पडून होती. विजयमालेने ठरविले होते की आज राजाला सर्व गावासमोर साकडे घालायचे. तिने नाणे तळहातावर घेऊन लोकांना दर्शन देण्यास आरंभ केला. रांगेत बादल भोई होता. साठीचा, नदीच्या पाण्याने सुरकुतलेला म्हातारा. बायकोच्या दम्यासाठी तीर्थ न्यायला प्रथमच आला होता. खांद्यावर जाळे होते, कारण तो तसाच नदीवर जायचा होता. त्याने नाण्यावर वाकून पाहिले आणि हसला.

"हसू नको बादल. देव हाय तो."

"देव असन वहिनी. पन आमच्या घरी हा देव जाळ्याले बांधतात."

त्याने खांद्यावरचे जाळे खाली घेतले आणि त्याची कड उलगडून दाखविली. कडेला काळ्या धातूचे दुमडलेले तुकडे ओळीने बसविलेले होते. त्यांतला एक त्याने नखाने व सुरीच्या टोकाने उघडला. आत हत्तीचे मागचे पाय आणि शेपूट होती.

"नदीनं टेकाड कापलं का दरसाल सापडतात. आज्यापासून हेच लावतो आम्ही. इतकं जड अन् इतकं मऊ दुसरं काय मिळन? शिसं हाय हे, वहिनी."

"शिसं?"

"हो. बाप माहा दातानं चावून बसवे जाळ्याले. म्हने, गोड लागते." बादल आता हसत नव्हता. विजयमालेच्या चेहऱ्यावर काहीतरी पाहून तो सावकाश बोलू लागला. "मंग त्याच्या हिरड्या काळ्या झाल्या. पोट धरून लोळे. हात लोंबू लागले त्याचे. मरेपर्यंत भाकर मी चारली त्याले. नांदेडच्या डाक्टरनं सांगितलं, शिसं पोटात गेलं म्हून. तवापासून आमच्यात कोनी दातात धरत नाही." मग त्याची दृष्टी बरणीकडे गेली. "तुमी पाजून तं नाही ना राह्यले कोनाले?"

ज्यांनी त्या सकाळी घेतले होते, त्यांच्या हातांत वाट्या तशाच होत्या.

विजयमाला आत गेली. "तोंड उघड," ती सुनेला म्हणाली. तिने अंगठ्याने दिपालीचा खालचा ओठ ओढला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने, काजळाच्या काडीने ओढावी तशी एक निळसर काळी रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोठेही न तुटलेली.

ती उठली, कोनाड्यातला आरसा घेतला आणि आपला ओठ खाली ओढला. तेथेही ती रेघ होती.

भगवानराव दारात उभे होते. "भोयाच्या सांगन्यावरून राजा फेकून देतं का?" ते म्हणाले. "त्यानंच पोरगं देल्लं आपल्याले. हे पाह्य, मी पितो." त्यांनी ओट्यावरची भरलेली वाटी तोंडाला लावली.

बत्तीस वर्षांच्या संसारात विजयमालेने नवऱ्याच्या अंगावर हात टाकला नव्हता. त्या क्षणी तिने टाकला. वाटी उडून भिंतीवर आदळली आणि ताक त्यांच्या सदऱ्यावरून ओघळले. "ऑटो बोलवा," ती म्हणाली. तिने बरणी फडक्यात गुंडाळून कडेवर घेतली.

पुसदला जाणारा रस्ता टेकाडाच्या पायथ्यावरून जातो. दिपालीचे डोके सासूच्या मांडीवर होते, डोळे मिटलेले. ऑटो वळणावर आला तेव्हा विजयमालेची नजर नकळत वर गेली. टेकाडाच्या उतारावर माणसे उभी होती. एकामागे एक, उघडी, वाळकी, डोक्यावर टोपली घेतलेली. त्यांच्यावर ऊन पडले होते, पण जमिनीवर सावली नव्हती. रांगेचे शेवटचे टोक खाली येत येत थेट त्यांच्या धुऱ्यापर्यंत पोचले होते. तिने दचकून यजमानांकडे पाहिले. भगवानरावही त्याच दिशेला पाहत होते, तोंड अर्धे उघडे. दोघांची नजर भेटली. आजतागायत ते दोघे त्याविषयी एकमेकांशी बोललेले नाहीत.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिपालीचे हात उचलून सोडले, हिरड्या पाहिल्या, आणि विचारले, "काही गावठी औषध वगैरे घेते का ही?"

भगवानराव भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहू लागले. दिपालीने क्षीण आवाजात म्हटले, "घरचंच खाते मॅडम, सगळ्यांचं तेच." ती सासूला वाचवीत होती. विजयमालेला हे कळले, आणि कळताच तिला तेथे बसवेना. तिने फडके सोडले आणि बरणी टेबलावर ठेवली.

"म्या पाजलं," ती म्हणाली. "याच्यातलं. ज्येष्ठापासून. पयले अर्धी वाटी, मंग एक, मंग दोन. ती नाही म्हने तरी पाजलं."

"मी कवा नाही म्हनली?" दिपाली पुटपुटली.

दार उघडे होते. बाकावरच्या बायका पुढे वाकून ऐकत होत्या. "सासवाच अशा," त्यांतली एक म्हणाली, "जीव घ्यायले निघाली, अन् वरून सांगून राह्यली." विजयमालेने ते ऐकले. तिने पदर सारखा केला नाही की मान वळविली नाही. ते बोलणे तिने आपल्याला मिळायलाच हवे होते असे मानून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी कोणास दोष दिला नाही. रक्त नागपूरला पाठविले. मग पोटावर यंत्र ठेवले. प्रथम नुसती खरखर आली. त्यानंतर वाळलेल्या तुरीच्या शेंगा खुळखुळाव्या तसा जलद आवाज खोलीभर झाला.

"लेकरू वाचन ना, मॅडम?"

"आज जिवंत आहे, मावशी. रक्तातलं शिसं आईकडून बाळाकडे जातं. उद्याचं मी आज सांगणार नाही."

दिपालीला तेथेच ठेवून घेतले. रजत वणीहून रात्रभर ट्रकने आला. कानांच्या पाळीत कोळशाची भुकटी तशीच होती. त्याने सर्व ऐकले. आईला तो एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर तिला सोपे गेले असते.

गावी परतून विजयमाला घरोघर फिरली. ज्यांनी बाटल्या भरून नेल्या होत्या त्यांच्याकडून त्या परत मागितल्या. सत्यशीला उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तुमच्या सुनेचं पोट भरलं, आता आमचं बंद का? वा गं वहिनी!"

"आरसा घे अन् ओठ खाली कर," विजयमाला म्हणाली.

त्या आठवड्यात जांबगव्हाणात भर दुपारी जो कोणी आला असेल, त्याने एक विलक्षण देखावा पाहिला असेल. घरोघरच्या ओट्यांवर माणसे बसली होती. म्हातारी, तरणी, बायका, गडी. प्रत्येकाच्या एका हातात आरसा होता आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक जण आपला खालचा ओठ ओढून पाहत होता.

भगवानरावांनी नाणी तहसीलला नेऊन दिली. पंचनामा झाला. कारकुनाने ती एका पिशवीत घातली, दोरी बांधली, गाठीवर लाख वितळवून सोडली आणि तिच्यावर शिक्का दाबला. लाख गरम असताना सरकारची मोहोर तिच्यावर उमटली. "कोन्या राजाची म्हने ही?" त्याने कागद लिहिताना विचारले.

"नाव झिजलं साहेब," भगवानराव म्हणाले. कारकुनाने त्या जागी एक आडवी रेघ मारली आणि सही घेतली. सही करताना भगवानरावांच्या हातातून पेन दोनदा पडले.

माघाच्या अखेरीस, दिवस भरण्यास महिना असताना, दिपाली यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. वजन दोन किलोदेखील नव्हते. ती रडली नाही. नर्सने पाठ चोळली, तळपाय चोळले. दाराबाहेर विजयमाला उभी होती, आणि आतून फक्त चोळण्याचा आवाज येत होता. पुष्कळ वेळाने एक आवाज आला. रडण्यापेक्षा तो मांजराच्या पिलाच्या आवाजासारखा होता. विजयमाला खाली बसली.

आईचे अंगावरचे दूध काही दिवस बाळाला देऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले. औषध चालू होते, परंतु शिसे दुधातूनही उतरते. दिपालीला पान्हा फुटे, तो पिळून टाकावा लागे. पाचव्या दिवशी नर्सने वाटीत वरचे दूध आणि एक छोटा चमचा आणून दिला. रजत औषधे आणायला गेला होता. भगवानराव व्हरांड्यात होते.

"तूच पाज," विजयमाला म्हणाली. "माह्या हातून आता कोनाच्या तोंडात काही नाही घालायचं."

"माहा हात कुठं उचलते, आत्याबाई?"

विजयमालेने चमचा भरला. तो उचलला मात्र, तिचेही मनगट वाकले आणि दूध दुपट्यावर सांडले. तिने पुन्हा भरला, पुन्हा सांडले. बाळाचे ओठ हवेत काहीतरी शोधीत होते.

"नर्सबाईले बोलावते," ती म्हणाली आणि उठू लागली.

"बसा," दिपाली म्हणाली. तिने खांद्यापासून आपला हात उचलला, लोंबत्या पंजासकट सासूच्या मनगटाखाली सरकविला आणि कोपर उशीवर टेकले. "आता भरा."

दोघींच्या हातांत मिळून एका हाताइतके बळ होते. चमचा थरथरत वर आला, बाळाच्या ओठांपाशी थांबला आणि कलला. दूध आत गेले. बराच वेळ काही झाले नाही. मग त्या एवढ्याशा गळ्याखाली काहीतरी हलले.

"गिळलं," दिपाली म्हणाली. "भरा अजून."

ही हकीकत येथे संपते. ती मुलगी पुढे कशी वाढेल, उशिरा बोलेल की लवकर, हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जेथे भाषा उणी पडली असेल तेथे वाचकांनी आपल्या पदरची घालावी. ज्यांनी आपला मोलाचा वेळ खर्च करून आमच्या गावची ही गोष्ट वाचली, त्या सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रामराव किसनराव नरवाडे
मु. जांबगव्हाण, जि. यवतमाळ